रेषा आखणारे आणि रेषा राखणारे

मागील अंकात या सदरात अमेरिकेतल्या मध्यम आकाराच्या, वाढत्या शहरात नगररचनाकाराचे काम कसे चालते याविषयी लिहिले होते आणि उदाहरण म्हणून केंटकी राज्यातले लेक्सिंग्टन हे शहर घेतले होते. ज्यांनी तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. २०२० च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या ३,२२,५७० होती, म्हणजे २०११ च्या धुळे शहराच्या लोकसंख्येपेक्षा (३,७५,५५९) कमीच. या शहराने १९५८ मध्ये स्वतःभोवती एक रेषा आखली आणि तिच्या बाहेर भुयारी गटार न्यायची नाही, असे ठरवले. त्या लेखावर खान्देशातून बरीच पत्रे आली. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून उत्तरे देत आहे. मी राज्याच्या नगररचना विभागातून निवृत्त झालेला माणूस आहे. त्यामुळे अमेरिकेविषयी लिहितानाही माझी नजर इथल्या फायलींवर वाढलेली आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

प्रश्न : नगररचनाकार म्हणजे शहराचा नकाशा काढणारा माणूस ना? मग नकाशा एकदा काढून झाल्यावर तो तीस वर्षे रोज कार्यालयात जाऊन काय करतो?
(बारावीची विद्यार्थिनी, अमळनेर)

उत्तर : नकाशा हा त्या कामाचा सर्वांत लहान भाग आहे. तुझ्या मनातला नगररचनाकार कोऱ्या कागदावर शहर काढतो. प्रत्यक्षात त्याच्या टेबलावर कोरा कागद कधीच येत नाही, येते ती फाईल. कोणाला तरी आपल्या जमिनीवर आराखड्यात दाखवलेल्यापेक्षा वेगळे काही करायचे असते, आणि ते करू द्यावे की नाही याविषयी कारणांसह लेखी मत देणे हे त्याचे रोजचे काम असते.

केंटकीच्या नियोजन कायद्यानुसार जमिनीचा वापर-विभाग (जमीन शेतीची, घरांची की व्यापाराची हे ठरवणारा) बदलून हवा असेल, तर तीनपैकी एक कारण सिद्ध व्हावे लागते. मागितलेला बदल शहराच्या सर्वंकष आराखड्याशी सुसंगत असला पाहिजे; किंवा सध्याचा विभाग अयोग्य आणि मागितलेला विभाग योग्य ठरला पाहिजे; किंवा आराखडा करताना कोणाच्या ध्यानीमनी नव्हते असे मोठे भौतिक, आर्थिक वा सामाजिक बदल त्या भागात झालेले असले पाहिजेत. अर्जदार आपला माणूस आहे, हे चौथे कारण त्या कायद्यात नाही.

समजा, बैठ्या घरांच्या वस्तीलगतच्या चार एकरांवर एकाला अपार्टमेंट बांधायचे आहे. नगररचनाकार आधी जागेवर जातो. समोरच्या रस्त्याखालची गटारवाहिनी किती व्यासाची आहे आणि तिच्यात आणखी किती घरांचे पाणी मावेल, पावसाचे पाणी उताराने कोणाच्या अंगणात उतरेल, शाळेची बस कुठे वळते, नवा फाटा आधीच्या चौकाच्या फार जवळ तर पडत नाही ना, हे सारे पाहून तो अहवाल लिहितो आणि अहवालाच्या शेवटी मान्य किंवा अमान्य अशी शिफारस करतो. सुनावणीच्या किमान चौदा दिवस आधी त्या जागेवर फलक लावावा लागतो आणि लगतच्या मालकांना टपालाने नोटीस जाते. मग अकरा सदस्यांच्या नियोजन आयोगापुढे सुनावणी होते, आणि आयोगाची शिफारस पंधरा सदस्यांच्या निवडून आलेल्या कौन्सिलपुढे जाते.

या साऱ्या प्रवासात नगररचनाकाराला मतदानाचा अधिकार कुठेच नाही. कौन्सिलला त्याच्या शिफारशीविरुद्ध जाता येते आणि कधी कधी ती जातेही. परंतु तसे करताना कायद्यातल्या तीनपैकी कोणत्या कारणाचा आधार घेतला ते तिला नोंदवावे लागते, आणि प्रकरण न्यायालयात गेले तर न्यायाधीश प्रथम ती नोंदच वाचायला मागतो. नगररचनाकाराचे वजन पडते ते इथे. चुकीचा निर्णय तो थांबवू शकत नाही, पण तो निर्णय सकारण आणि सहीनिशी घ्यायला लावतो. अभिप्राय आपल्याकडेही लिहिला जातो; मी नोकरीभर तेच केले. मात्र तिकडे तो अहवाल सुनावणीच्या आधी कोणालाही वाचता येतो, आणि इकडे तो वाचायचा तर बहुधा माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागतो.

प्रश्न : आमच्या यावल-रावेर भागात रस्त्यालगतच्या केळीच्या जमिनीत प्लॉट पडू लागले आहेत. लेक्सिंग्टनने रेषा आखून शेती वाचवली असे तुम्ही लिहिले. पण रेषेबाहेरच्या शेतकऱ्याचे काय? त्याच्या जमिनीचा भाव पाडून शहराने आपली हिरवळीची हौस भागवली, असेच ना?
(केळी उत्पादक शेतकरी, यावल)

उत्तर : दादा, तुमची शंका रास्त आहे, आणि मागच्या लेखात ही बाजू यायला हवी होती असे सांगणारे तुम्ही एकटे नाहीत. पण आधी ती रेषा का आखली गेली ते पाहू, कारण तिच्या मुळाशी हिरवळीची हौस नव्हती.

१९५६ मध्ये आयबीएम कंपनीने विजेवर चालणाऱ्या टाइपरायटरचा कारखाना लेक्सिंग्टनला आणायचे ठरवले आणि शहराबाहेरच्या शेतांत भराभर वस्त्या उभ्या राहू लागल्या. तिथली जमीन चुनखडकाची आहे. पाणी त्या खडकातल्या भेगांतून आणि पोकळ्यांतून वाहते, त्यामुळे एका घराच्या सेप्टिक टँकमधून झिरपलेली घाण दूरच्या दुसऱ्या विहिरीत उगवू शकते. प्रत्येक वस्तीपर्यंत भुयारी गटार न्यायची तर खर्च शहराच्या आवाक्याबाहेरचा. म्हणून नगररचनाकारांनी उतार पाहिले, कोणत्या खोऱ्यातले सांडपाणी गटारीला जोडता येईल ते तपासले आणि बहुतांशी त्या खोऱ्यांच्या कडेकडेने रेषा ओढली. तिच्या आत शहर गटार, पाणी, दिवे या सेवा देईल. बाहेर देणार नाही. संपूर्ण अमेरिकेत अशा प्रकारची ही पहिली रेषा मानली जाते. त्याच चुनखडकामुळे तिथल्या गवतात कॅल्शियम आणि फॉस्फरस भरपूर असते, त्यावर शर्यतीच्या घोड्यांची हाडे मजबूत होतात असा तिथला विश्वास आहे, आणि घोड्यांचे मोठमोठे मळे रेषेबाहेरच राहिले. मळेवाल्यांनी रेषेची बाजू उचलून धरली हे खरे, पण रेषेचा जन्म गटारीच्या हिशोबातून झाला. आपल्याकडे ले-आऊट आधी पडतो, घरे होतात, नगरसेवक निवडून येतो आणि मग गटार मागितली जाते. तिथे क्रम उलटा ठेवला गेला, आणि माझ्या मते त्या शहराच्या नगररचनेतली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे.

आता तुमचा मुद्दा. रेषेबाहेर पुढे किमान दहा एकरांचा तुकडा हवा, असा नियम आला. हेतू सेप्टिक टँक विरळ राहावेत असा होता. परंतु नव्वदीच्या दशकापर्यंत सधन लोकांनी दहा-दहा एकरांचे तुकडे घेऊन त्यांवर बंगले बांधायला सुरुवात केली, आणि शेती राखण्यासाठी केलेला नियमच शेती गिळू लागला. एका घरासाठी दहा एकर, म्हणजे गुंठ्या-दोन गुंठ्यांच्या प्लॉटपेक्षाही जमिनीची मोठी नासाडी. तेव्हा १९९९ मध्ये ही मर्यादा चाळीस एकरांवर नेण्यात आली. साहजिकच मळेवाल्यांचे म्हणणे आले, की तुकडे पाडून विकण्याचा आमचा मार्ग तुम्ही बंद केलात, मग त्याचा मोबदला कुठे आहे? त्यावर २००० मध्ये विकास-हक्क खरेदीची योजना सुरू झाली. तीत मालक जमीन विकत नाही. जमिनीवर वस्ती उभी करण्याचा हक्क तेवढा विकतो. मूल्यनिर्धारक त्या जमिनीची खुल्या बाजारातली किंमत आणि निव्वळ शेतजमीन म्हणून किंमत काढतो, आणि या दोहोंतल्या फरकाच्या आधारे शहर मालकाला पैसे देते. त्यानंतर मालकाने शेती करावी, जमीन विकावी किंवा मुलांच्या नावे करावी. बांधकामाचे बंधन मात्र जमिनीबरोबर कायमचे जाते. या योजनेत पन्नास हजार एकरांचे उद्दिष्ट ठेवले होते.

म्हणजे रेषा आखल्यानंतर बेचाळीस वर्षांनी मोबदल्याची व्यवस्था झाली. तोवर रेषेच्या आतल्या मालकाची चांदी झाली आणि बाहेरच्याचा भाव दबलेला राहिला, हे तुमचे म्हणणे मला मान्य आहे. रेषेची दुसरी किंमत आतल्या भाडेकरूने मोजली : जमीन मर्यादित, मागणी वाढती, घरांचे भाव चढे. या दडपणामुळेच १९९६ मध्ये रेषा एकदा बाहेर सरकली होती, आणि २०२३ मध्ये कडाक्याच्या वादानंतर सुमारे २,८०० एकर आणखी आत घेण्याचे ठरले. तरीही लेक्सिंग्टन ज्यात आहे त्या फेयेट परगण्याच्या (काउंटीच्या) सुमारे ७४० चौरस किलोमीटर क्षेत्रापैकी तीन दशांशांच्या आसपासच क्षेत्र आज रेषेच्या आत आहे.

आपल्याकडे हे जसेच्या तसे आणता येईल का? मला वाटते, नाही. तिथला मळा शेकडो एकरांचा आणि मालक सधन. इथे तीन एकर केळीवाल्याने रस्त्याकडेचा एक एकर विकला तर त्यातून कर्ज फिटते, मुलगी शिकते, नवी ठिबक येते. त्याला फुकटात शहराचा राखणदार व्हायला सांगणे हा अन्याय ठरेल. शिवाय आपला कायदा उलट दिशेने चालतो. महसूल संहितेत २०१७ साली झालेल्या दुरुस्तीनुसार गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन ठरावीक कर भरला की अकृषिक झाल्यात जमा होते. आपला टी.डी.आर.ही (हस्तांतरणीय विकास हक्क) विकास-हक्क खरेदीसारखा वाटतो, पण त्यात जमीन मालकाकडून जाते आणि हक्क दुसरीकडे वापरला जातो. लेक्सिंग्टनच्या योजनेत जमीन मालकाकडेच राहते आणि हक्क कायमचा विझतो. आपल्या कायद्यात असा विझणारा हक्क विकत घेण्याची सोय करता येईल, आणि केळीसारख्या नगदी पिकाच्या, २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या पट्ट्यात तिचा प्रयोग करण्यासारखा आहे. पैसा कोठून आणायचा हा पुढचा प्रश्न आहे आणि तो लहान नाही.

तोपर्यंत एक गोष्ट बिनपैशाची आहे. जळगावच्या आसपास कुठेही नव्या वसाहतींत फिरून पाहा : एका ले-आऊटचा बारा मीटरचा रस्ता शेजारच्या ले-आऊटच्या कंपाउंडला जाऊन अडतो, पलीकडचा रस्ता नऊ मीटरचा आणि तोही दहा-पंधरा फूट सरकलेला, दोन्ही नकाशे मंजूर, दोन्हींवर शिक्के, आणि रुग्णवाहिकेला मात्र मुख्य रस्त्यावर येऊन वळसा घालावा लागतो. प्लॉट पडायचेच असतील तर निदान गटांच्या बांधांपलीकडे रस्ते जुळवून पाडावेत, एवढा आग्रह ग्रामसभेलाही धरता येतो.

प्रश्न : ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने १८१९ मध्ये नवे धुळे वसवताना सरळ रस्ते आखले, आजही जुन्या पेठेत आम्ही पत्ता सांगताना गल्लीचा नंबर सांगतो. मग त्यानंतरचे शहर असे वेडेवाकडे का वाढले? आपल्याकडे हुशार अधिकारी नाहीत का?
(निवृत्त शिक्षक, धुळे)

उत्तर : गुरुजी, हुशारीचा तुटवडा मला नोकरीत कधी जाणवला नाही. ब्रिग्जविषयी मात्र एवढे लक्षात घ्यावे, की त्याला कोणाची हरकत ऐकायची नव्हती, कोणाला मोबदला देण्याविषयी न्यायालयात उभे राहायचे नव्हते आणि पाच वर्षांनी निवडणूक नव्हती. हुकमाने सरळ रस्ता आखणे सोपे असते. लोकांना विचारून, मालकी हक्क सांभाळून आखलेला रस्ता सरळ ठेवणे अवघड असते, आणि तुलना करायची तर ती या दुसऱ्या प्रकारात करावी लागेल.

त्या तुलनेत मला मुख्य फरक मुक्कामाचा दिसतो. अमेरिकन शहरातला नगररचनाकार हा त्या शहराचा नोकर असतो. पदवी घेऊन तो कनिष्ठ जागेवर लागतो आणि मनात आणले तर त्याच शहरात संचालक होऊन निवृत्त होऊ शकतो. एखाद्या बिल्डरने पूर्वी कोणते आश्वासन देऊन परवानगी घेतली होती, कोणत्या नाल्याला पूर आला होता, कोणत्या वस्तीला दोनदा शब्द देऊन फिरवले गेले, हे त्याच्या डोक्यात असते. लोकप्रतिनिधी बदलतात, तो टिकतो. म्हणून रेषा टिकते. आमच्या सेवेत २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानुसार एका जागी सर्वसाधारणपणे तीन वर्षे. पहिले वर्ष शहर समजण्यात जाते, दुसऱ्या वर्षी काम हाती लागते, तिसऱ्या वर्षी सारे जण तुमच्या बदलीची वाट पाहू लागतात. हितसंबंध जुळू नयेत म्हणून बदल्या असतात, हे मला मान्य आहे. पण त्यापायी शहराची आठवण प्रत्येक वेळी पुसली जाते आणि फाईलमध्ये नसलेले काहीच पुढच्या माणसाला कळत नाही.

दुसरा फरक आराखड्याचा मालक कोण, हा. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमानुसार महापालिका विकास आराखडा तयार करते, कलम २६ खाली तो प्रसिद्ध होतो, कलम २८ खाली हरकतींवर सुनावणी होते आणि कलम ३१ खाली अंतिम मंजुरी राज्य शासन देते. साधारण वीस वर्षांनी त्याची पुनर्रचना करायची. आरक्षित जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही, तर मालकाने कलम १२७ ची नोटीस दिल्यावर आणि त्यानंतरच्या मुदतीतही संपादन झाले नाही तर आरक्षण संपते. शाळेसाठी, बागेसाठी ठेवलेल्या कितीतरी जागा अशाच हातच्या गेल्या आहेत. केंटकीत आराखडा शहर-परगण्याचा नियोजन आयोग स्वीकारतो आणि दर पाच वर्षांनी त्याची फेरतपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. त्याहून महत्त्वाचे असे, की लेक्सिंग्टन शहर आणि त्याभोवतीचा फेयेट परगणा १९७४ मध्ये एकत्र होऊन त्यांचे एकच सरकार झाले, त्यामुळे रेषेच्या आत आणि बाहेर निर्णय घेणारी संस्था एकच राहिली. आपल्याकडे महापालिकेची हद्द ओलांडली की परवानगीचे दार बदलते. धुळे, जळगाव या दोन्ही महापालिका २००३ मध्ये झाल्या, पण हद्दीपलीकडच्या गावांतले ले-आऊट जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने पडत राहिले, आणि ती गावे शहराला चिकटली तेव्हा रस्ते ठरून गेलेले होते. यात कोणा एका अधिकाऱ्याचा दोष काढण्यात अर्थ नाही.

प्रश्न : जळगावातून जाणाऱ्या महामार्गाने शहराचे दोन भाग केले आहेत. अमेरिकेत तर महामार्ग जास्तच. तिथल्या नगररचनाकारांनी यावर काय केले?
(व्यापारी, जळगाव)

उत्तर : आधी त्यांनीही तीच चूक केली, आणि आपल्यापेक्षा मोठी केली. १९५६ च्या महामार्ग कायद्याने आंतरराज्य महामार्गांच्या खर्चातला ९० टक्के वाटा केंद्र सरकारने उचलला. दहा टक्क्यांत एवढा रस्ता मिळत असेल तर कोणते शहर नको म्हणेल? महामार्ग थेट शहरांच्या काळजातून गेले, आणि ते नेताना ज्यांचा आवाज क्षीण होता अशा कृष्णवर्णीयांच्या आणि गरिबांच्या वस्त्या पाडल्या गेल्या. कित्येक नगररचनाकारांनी हे नकाशे स्वतः काढले होते. पुढच्या पिढीतल्यांच्या कारकिर्दीचा बराच भाग ते निस्तरण्यात गेला.

निस्तरण्याची उदाहरणे आहेत. पोर्टलंड शहराने नदीकाठचा हार्बर ड्राइव्ह हा द्रुतमार्ग १९७४ मध्ये बंद करून तिथे बाग केली. आपल्या मापाचे उदाहरण दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलचे. वस्ती सुमारे सत्तर हजार, म्हणजे आपल्या चोपड्याएवढी. गाव कापडगिरण्यांचे आणि गिरण्या बसल्यावर ओस पडलेले, हे अमळनेरकरांना वेगळे समजावून सांगायला नको. गावाच्या मध्यावर रीडी नदीचा धबधबा होता, पण १९६० मध्ये त्याच्या डोक्यावरूनच चार पदरी पूल नेल्यामुळे तो दिसेनासा झाला होता. २००२ मध्ये तो पूल पाडला गेला आणि २००४ मध्ये त्या जागी फक्त पायी चालणाऱ्यांसाठी, वळणाचा झुलता पूल उभा राहिला. त्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, त्या गावाने मुख्य बाजाररस्ता चार पदरांचा दोन पदरी करून पदपथ रुंद केले होते आणि झाडे लावली होती. रस्ता अरुंद केल्यावर बाजार वाढला, ही गोष्ट आपल्या व्यापाऱ्यांना पटवणे कठीण जाईल याची मला कल्पना आहे.

जळगावच्या बाबतीत खोटेनगरपासून आकाशवाणी चौक, इच्छादेवी चौक, अजिंठा चौफुलीपर्यंतचा जुना रस्ता हा शहरातला सर्वांत रुंद मोकळा पट्टा आहे. बाह्यवळणावर अवजड वाहने गेली, की हा पट्टा कशासाठी हे वाहने जाण्याच्या आधी ठरलेले असावे लागते; नंतर ठरवू म्हटले तर टपऱ्या आणि पार्किंग ते ठरवून टाकतात. चालणाऱ्याला आणि सायकलवाल्याला दोन्ही बाजूंनी सलग वाट, ओलांडायला ठरावीक अंतरावर जागा आणि समांतर रस्ते, एवढे झाले तरी दोन भाग जुळतील. दुसरीकडे, बाह्यवळणाच्या दोन्ही कडांना थेट फाटे काढून प्लॉट पाडू दिले, तर पंधरा-वीस वर्षांनी त्या बाह्यवळणालाही बाह्यवळण मागावे लागेल. अमेरिकेतही हे शहराशहरांत घडले आहे.

प्रश्न : ज्या देशाने गोऱ्या-काळ्यांच्या वस्त्या वेगळ्या ठेवण्यासाठी नगररचना वापरली, त्याचे गोडवे आपण का गावेत?
(वाचक, नंदुरबार)

उत्तर : गोडवे गाऊ नयेतच. लेक्सिंग्टनच्या शेजारच्या लुइव्हिल शहराने कोणत्या वंशाच्या माणसाने कोणत्या गल्लीत राहावे याचाच नियम केला होता. तो सर्वोच्च न्यायालयाने १९१७ मध्ये रद्द केला. त्यानंतर तोच हेतू आडवाटेने साधला गेला : अमुक भागात फक्त एका कुटुंबाचे घर, प्लॉट अमुक आकाराहून लहान नको, अपार्टमेंट नकोच. क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२६ मध्ये वापर-विभागांची पद्धत वैध ठरवली, त्या निकालात बंगल्यांच्या वस्तीत शिरणाऱ्या अपार्टमेंटला न्यायमूर्तींनी चक्क बांडगुळाची उपमा दिलेली आहे. तीसच्या दशकात सरकारी नकाशांवर कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगाने कर्जासाठी धोक्याच्या म्हणून दाखवल्या गेल्या. घरांच्या बाबतीत भेदभाव करण्यावर कायद्याने बंदी यायला १९६८ साल उजाडले, आणि मिनिआपोलिसने एका प्लॉटवर एकच घर हा नियम मोडून तीन घरांना परवानगी देणारा आराखडा मंजूर केला तो २०१८ मध्ये.

तुमच्या जिल्ह्यात सरदार सरोवराखाली गेलेल्या गावांचे पुनर्वसन लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे, त्यामुळे नकाशावरची रेघ कोणाच्या अंगणातून जाते हा प्रश्न तुम्हाला शिकवण्याची गरज नाही. त्या देशाकडून घेण्यासारखी गोष्ट मला एवढीच दिसते, की हे सारे लिहून ठेवलेले होते, म्हणून पुढच्यांना त्यांच्याच कागदांवरून त्यांना धारेवर धरता आले.

प्रश्न : मुलाला नगररचनाकार व्हायचे आहे. मार्ग कोणता?
(पालक, शिरपूर)

उत्तर : बारावीनंतर जेईई मेनमधला नियोजनाचा स्वतंत्र पेपर देऊन नियोजनाच्या पदवीला जाता येते. पुण्यात सीओईपी, भोपाळला स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर आणि अहमदाबादला सेप्ट या संस्था खान्देशातून रात्रीच्या प्रवासाच्या टप्प्यात आहेत. स्थापत्य किंवा वास्तुशास्त्राची पदवी घेऊन नंतर नियोजनात पदव्युत्तर शिक्षण घेणारेही पुष्कळ आहेत. राज्यसेवेत नगर रचनाकार आणि सहायक नगर रचनाकार ही पदे लोकसेवा आयोगामार्फत भरली जातात. अमेरिकेत बहुतेक जण दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतात, काही वर्षे अनुभव घेऊन तिथल्या व्यावसायिक संस्थेची परीक्षा देतात, आणि मिळालेले प्रमाणपत्र टिकवण्यासाठी दर दोन वर्षांनी ठरावीक श्रेयांक मिळवत राहतात. मुलाला गणितापेक्षा लेखनाची आणि ऐकून घेण्याची सवय आहे का, ते आधी पाहा.

प्रश्न : आराखड्याचे प्रारूप प्रसिद्ध झाले की आमच्याकडे शेकडो हरकती जातात आणि काहीच होत नाही. मग हरकत घ्यायची कशाला?
(स्थापत्य अभियंता, भुसावळ)

उत्तर : आपण पाठवतो त्या बहुतेक हरकती छापील असतात : नाव आणि गट नंबर बदललेला, मजकूर एकच, मागणीही एकच, की माझ्या जमिनीवरचे आरक्षण उठवा. मी अशा हरकतींचे गठ्ठे वाचलेले आहेत. ते वाचणाऱ्याच्या हातात त्यातून काहीच लागत नाही, कारण आरक्षण उठवले तर ते कुठे हलवायचे हे कोणी सांगत नाही, आणि ज्या वस्तीला ती शाळा किंवा बाग मिळणार होती तिथून एकही पत्र आलेले नसते.

हरकत टिकायची असेल तर ती कारणांची असावी. प्रारूप आराखड्याचा भाग-नकाशा आणि अहवाल पालिकेत पाहता येतो, त्याची प्रत शुल्क भरून मिळते. तो घेऊन जागेवर जा. आराखड्यातला रस्ता प्रत्यक्षात उभ्या घरांवरून जात असेल तर मोजमापासह दाखवा. नाल्याची कड चुकली असेल तर मोजणीचा नकाशा जोडा. आरक्षण हलवायचे असेल तर त्याच विभागातली दुसरी जागा, तिचा गट नंबर, क्षेत्र आणि पोहोच-रस्ता सुचवा. मुदतीच्या आत अर्ज देऊन पोच घ्या, आणि नियोजन समितीपुढच्या सुनावणीला स्वतः हजर राहून, आपले म्हणणे कार्यवृत्तात नोंदवले गेले आहे ना, याची लेखी विचारणा करा. वस्तीतल्या चार जणांनी मिळून एका मैदानाच्या बाजूने अशी एक हरकत दिली, तरी आरक्षण उठवा म्हणणाऱ्या गठ्ठ्यासमोर समितीला विचार करण्याजोगे काहीतरी मिळते. तुम्ही अभियंते आहात. शेजाऱ्यांचे नकाशे वाचून देण्याचे काम तुमच्याइतके सोपे दुसऱ्या कोणाला नाही.